मिस्तीची ओटी

सिंगापूरच्या टेक्का बाजारात हिरवा खण मिळवायला तासभर लागला, तेव्हा तेवढंच मोठं काम वाटलं होतं. साड्या ढिगाने होत्या. खण मात्र तिसऱ्या दुकानात, एका जुन्या खोक्याच्या तळाशी सापडला. हिरवा, लाल काठाचा. मी तो उजेडात धरून पाहिला. विणीत कुठे दोष नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

"हा कुणाला?" चैत्रालीने विचारलं.

"तू चढणार आहेस त्या डोंगराला."

"आजी, तिथले लोक मिस्तीला पुरुष समजतात."

"मग शर्टपीस घेऊ का?"

ती दुकानातच हसत सुटली. चैत्राली म्हणजे माझी नात, माझ्या दिलीपची मुलगी. सत्तावीस वर्षांची. ऑफिस पाया लेबारला आणि जीव सगळा डोंगरात. इंडोनेशियातले दोन ज्वालामुखी चढून झाले होते, आता पेरू देशात जायचं होतं. तिथे आरेकिपा नावाचं गाव आहे म्हणे, गावच मुळी सिंहगडाच्या दुपटीच्या आसपास उंचीवर. पांढऱ्या दगडाची घरं, आणि घरांच्या डोक्यावर तीन पर्वत. त्यातला मिस्ती तिने मला फोनवर दाखवला होता. परातीत वरून रवा ओतला की कसा टोकदार ढीग होतो, अगदी तसा. टोकाला भोक, आणि भोकातून अजून धूर.

मला अक्षर येत नाही, पण पाहिलेलं आणि ऐकलेलं मी विसरत नाही. आमच्या भोरकडच्या डोंगरावर चढायचं तर पायथ्याशी आधी देवीची ओटी भरायची, हे माझ्या आईने मला शिकवलं, मी चैत्रालीला शिकवलं. खण, दोन मुठी तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, असं सगळं एका पिशवीत बांधून दिलं.

"आणि ओटी भरून झाली की त्यातले पाच दाणे परत आणायचे," मी सांगितलं. "बाईची ओटी भरली तर ती आपल्या हाताने देते. देवीची भरली तर आपण उचलून घ्यायचे. घरातलं सगळं देऊन रिकाम्या हाताने फिरायचं नसतं."

"पाच दाणे. नोटेड," ती म्हणाली.

ती गेली. बरोबर तिच्या ऑफिसातली श्रिया होती. पोरगी नागपूरची, बोलायला मोकळी. आरेकिपाला पोचल्यावर चार दिवस दोघी नुसत्या गावात फिरल्या, उंचीची सवय व्हावी म्हणून. तिथल्या एका म्युझियममध्ये काचेच्या पेटीत, बर्फाच्या थंडीत एक मुलगी ठेवली आहे, असं चैत्रालीने फोनवर सांगितलं. पाचशे वर्षांपूर्वीची. तेव्हाचे लोक अशी मुलं डोंगराला द्यायचे. लांबून चालवत आणायचे, वर नेऊन काहीतरी गुंगीचं पाजायचे, आणि झोप लागली की तिथेच ठेवून यायचे.

"तिची आई कुठे होती?" मी विचारलं.

"ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आजी."

मी विषय बदलला.

चढाईचा दिवस आला तो नेमका श्रावणातला शुक्रवार. आपल्याकडचा शुक्रवार, तिकडे अजून गुरुवारची संध्याकाळ. तिकडचं घड्याळ आपल्या तेरा तास मागे. आपली दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र, हे मी पाठ करून ठेवलं होतं.

सकाळचे साडेसहा झाले होते. यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच उठलेली. गॅसवर पुरणाची डाळ शिजत होती. जिवतीच्या शुक्रवारी पुरण हवंच, आणि कुणीतरी सवाष्ण किंवा कुमारिका जेवायला हवी. भोरला असताना आळीतल्या चार पोरी यायच्या. इथे कुणाला बोलावणार? प्रत्येकीला शाळा नाहीतर ऑफिस. बारा वर्षं झाली, माझं ते पान रिकामंच राहतं.

फोन वाजला. फोन श्रियाच्या हातात होता आणि समोर चैत्राली. मागे तंबू, काळी राख, आणि खूप खाली आरेकिपाचे दिवे लागायला लागलेले. उन्हं नुकतीच उतरत होती. वाऱ्याचा आवाज असा, की कुणी मोठं कापड फाडतंय.

"आजी, ओटी भरते हं," चैत्राली ओरडून म्हणाली. "उद्या वर गार वाऱ्यात हात चालणार नाहीत, म्हणून इथेच."

ती एका मोठ्या काळ्या दगडासमोर वाकली. हळदकुंकू लावलं. खण ठेवला, तांदूळ ठेवले, खोबरं ठेवलं. आणि मला दगडाच्या पलीकडे ती मुलगी दिसली.

बाराएक वर्षांची असेल. अंगावर मातकट शाल, छातीशी तांब्याच्या मोठ्या टाचणीने अडकवलेली. थंडीने गाल तडकलेले. पाय अनवाणी. डोळे अर्धवट मिटलेले, जेवून पेंगुळलेल्या लेकराचे असतात तसे. मला वाटलं त्यांच्या स्वयंपाकवाल्याची मुलगी असेल. एवढ्या थंडीत पोरीला चपला नाहीत, म्हणून माझा जीव कळवळला.

"चैत्राली, दगडाला काय देतेस," मी म्हटलं. "ती लेक उभी आहे ना, तिच्या ओटीत घाल."

"काय? आवाज तुटतोय..."

तेवढ्यात त्या मुलीने शालीचा पदर पसरला, वाकली, आणि सगळं ओटीत घेतलं. खण छातीशी धरला. चैत्राली दगडावरून पाच दाणे शोधायला हात फिरवायला लागली, तर मीच म्हटलं, "राहू दे, ती देईल तिच्या हाताने." आणि त्या मुलीला म्हटलं, आपण कुठल्याही पोरीला म्हणतो तसंच म्हटलं...

"आज शुक्रवार आहे गं बाळा. घरी जेवायला ये."

चैत्रालीला वाटलं मी तिलाच म्हणते आहे. "येते आजी, बारा दिवसांनी," ती हसली.

पण त्या मुलीने मान वर केली. फोनमध्ये माणसं बघतात ती जरा बाजूला बघतात, तुमच्या लक्षात आलं असेल. ही सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मग चित्र थांबलं आणि फोन बंद पडला. दाणे राहिले ते राहिलेच.

दिलीप तांजोंग पगारच्या ऑफिसला गेला, सून योगिनीही कामाला गेली. मी पुरण वाटलं, पोळ्या केल्या. दोन वाजता मनात म्हटलं, आता निघाली असेल पोर, तिकडे रात्रीचा एक वाजला. रात्री चढतात ते लोक, उजाडायला माथ्यावर पोचावं म्हणून. मी चारी दिशांना औक्षण केलं. मुलं परगावी असली की असंच करायचं. पेरू कोणत्या दिशेला ते कुणाला माहीत. चारीतली एक तरी लागेल.

खाली ब्लॉकच्या कडेला कागद जाळत होते. चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता, गेलेल्या माणसांना नोटा आणि घरं पाठवतात ते कागदाची. शेजारची टॅन आंटी दरवर्षी मला हातवारे करून सांगते, या महिन्यात अनोळखी कुणाला हाक मारू नको. मी दरवर्षी मान डोलावते.

चार वाजता जळकट वास घरात आला. मी खिडकी लावली. वास वाढला. हा कागदाचा नव्हता. आगपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम ओढल्यावर येतो तसा, नाकात चावणारा. आणि पायाखालची फरशी गार झाली. सिंगापुरात, ऑगस्टच्या उन्हात, एसी बंद असताना, फरशी पायाला झोंबत होती.

फोन वाजला. श्रिया होती.

"आजी... काका-काकू आहेत का घरी?"

"नाहीत. काय झालं?"

"चैत्राली सापडत नाहीये."

"कुठे गेली ती?" मी विचारलं.

श्रियाला डोकेदुखी आणि उलट्या, म्हणून ती तंबूतच राहिली होती. चैत्राली आणि त्यांचा वाटाड्या एउसेबिओ दोघंच चढायला निघाली. तिकडच्या दोनच्या सुमाराला तो बुटाची दोरी बांधायला वाकला. वर बघतो तर चैत्रालीच्या कपाळावरचा दिवा वाट सोडून बाजूला चाललेला. त्याने हाका मारल्या. दिवा थांबला नाही. मग विझला.

"तो म्हणतो ती कुणाशी तरी बोलत होती, आजी. इंग्लिश नाही, आपल्या भाषेत. हसत हसत. आणि राखेत तिच्या बुटांशेजारी... दुसरी पावलं आहेत. अनवाणी."

"ती स्वयंपाकवाल्याची मुलगी असेल तिच्याबरोबर," मी म्हटलं. "तिला विचारा ना."

"कोण मुलगी?"

"जिने ओटी घेतली ती."

श्रियाचा आवाज एकदम खाली आला.

"आजी, इथे आम्ही तिघंच आहोत. स्वयंपाकवाला नाही. ओटी चैत्रालीने दगडावर ठेवली होती... आणि फोन ठेवेपर्यंत खण वाऱ्याने उडून गेला होता."

मी सगळं सांगितलं. मुलगी कशी दिसत होती ते, शालीची टाचणी, अनवाणी पाय, आणि मी काय म्हणाले ते. श्रियाने ते एउसेबिओला सांगितलं. तो मदत मागायला तंबूपाशी उतरला होता. मला त्याची भाषा कळत नव्हती. तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"तो म्हणतो," श्रिया रडत होती, "वर ज्यांना ठेवलंय त्यांना कुणी घरी बोलावत नाही. त्या आल्या तर त्यांची जागा रिकामी पडते. आणि डोंगर... ती जागा रिकामी राहू देत नाही."

फोन ठेवला आणि दाराकडे पाहिलं. लाकडी दार उघडंच होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं तेवढं लावलेलं. जाळीपलीकडे, भर उन्हात, शेजारच्या पोराच्या तीनचाकी सायकलीजवळ ती उभी होती. पाय घोट्यापर्यंत राखेने काळे. हातात माझा हिरवा खण.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला दार लावून घ्यावंसं वाटलं. हात तिथवर गेलाही. पण मग मनात आलं, हिला बोलावलं कुणी? मी. जेवायला बोलावलेली पोर उपाशी दारातून परत पाठवली तर ती कुठे जाणार आहे? आणि ही इथे उभी आहे तोवर तिथे कोण बसलं आहे, ते मला चांगलं कळलं होतं.

मी जाळी उघडली.

"ये," म्हटलं.

दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, रीतीप्रमाणे. पाणी फरशीवर ओघळलंच नाही. पायांवरच पांढरं होऊन थिजलं. मी तांब्या खाली ठेवला. पाट मांडला. ती बसली. पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, तर पातळ कढवलेलं तूप ताटाला लागता लागता मेणासारखं गोठलं. ती जेवत होती. घाईने नाही, हळूहळू, बोटं चाटत. कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला पहिल्या घासाला कसं रडू येतं, तसा तिचा चेहरा झाला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिची दया आली हो. खरं सांगते, मला तिची एवढी दया आली की क्षणभर चैत्रालीचा विसर पडला.

मग तिचे डोळे मिटायला लागले. मान एका बाजूला कलली. ती भिंतीला टेकू लागली आणि मला धडकी भरली. ही इथे निजली तर इथलीच झाली. आणि ती तिकडे...

"निजू नको, बाळ," मी तिच्यासमोर खाली बसले. "निजू नको. ऐक. ओटी भरली की पाच दाणे परत द्यायचे असतात. माझ्या घरचे पाच दाणे मला दे. मग तू तुझ्या जागी, माझी लेक माझ्या घरी. सगळं पुरं झालं मग."

मी हात पुढे केला. ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. खालून पत्र्याच्या पेटीत कागद पेटल्याचा आवाज येत होता.

तिने खण उलगडला. एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. बर्फाचा खडा ठेवावा तसा चटका बसला. दुसरा ठेवला. तिसरा. मग थांबली. मी हात हलवला नाही. चौथा ठेवला. पाचवा तिने चिमटीत धरला होता, मी पाहिला, हळद लागलेला होता...

आणि फोन वाजला.

माझी चूक झाली. मी त्या दाण्याची वाट बघायला हवी होती. पण नातीचा जीव टांगलेला असताना कुणाला दम निघतो? मी वळले, फोन उचलला.

"सापडली," श्रिया ओरडत होती. "आजी, सापडली, जिवंत आहे. दगडाच्या खोबणीत बसली होती गुडघे पोटाशी घेऊन, झोपलेली... एउसेबिओने गालांवर मारून उठवली."

मी मागे वळले. पाटावर कुणी नव्हतं. ताट लख्ख होतं. दारापासून पाटापर्यंत राखेची पावलं आलेली होती, परत गेलेली एकही नव्हती. माझ्या मुठीत चार दाणे होते. पाचवा मी पाटाखाली, ओट्याखाली, जाळीच्या सांध्यात, सगळीकडे शोधला. दिलीप आणि योगिनी घरी आली तेव्हा मी हातापायांवर रांगत होते.

चैत्राली बाराऐवजी अठराव्या दिवशी आली. चांगी विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणली तिला. डाव्या हाताला पट्टी. थंडीने करंगळी गेली होती, तिथल्या दवाखान्यात काढावी लागली. बाकीची चारही बोटं शाबूत. डॉक्टरांना म्हणे नवल वाटलं, जाड हातमोजा घातलेला असताना आतलं एकच बोट कसं गेलं. देवघरातल्या डबीत ते चार दाणे आहेत, मी रोज बघते.

घरी आल्यावर रात्री मी तिच्या उशाशी बसले.

"वाट का सोडलीस?" मी विचारलं.

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच बोलावलंस ना?"

"मी?"

"तू पुढे चालत होतीस, आजी. खण डोक्यावरून घेतला होतास. मी म्हटलं तू कशी इथे, तर तू हसलीस. मग म्हणालीस, दमलीस ना, इथे बस, जरा नीज..." ती थांबली. "तुझ्या पायात चपला नव्हत्या. मला तेवढ्याचंच वाईट वाटत होतं."

मी दिवा तसाच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी योगिनीने चैत्रालीची डोंगरावरची बॅग धुवायला काढली. तिथून मला हाक मारली नाही, ती स्वतःच येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, ही चोळी कुणाची?"

बॅगच्या तळाशी, सगळ्या कपड्यांच्या खाली होती म्हणे. मी हातात घेतली. माझाच खण. हिरवा, लाल काठाचा, डोंगरावर वाऱ्याने उडालेला. लोकरीच्या जाड तपकिरी दोऱ्याने हातशिवण घातलेली, बारा वर्षांच्या पोरीच्या मापाने बेतलेली. जेमतेम महिना झाला होता तो विकत घेऊन, आणि काखेत कापड घामाने विटून पार पांढरं पडलं होतं. कोपरांशी विरलं होतं. चार-पाच वर्षं रोज अंगात घातल्याशिवाय खण असा होत नाही.

आयुष्यभर मी लेकीबाळींच्या चोळ्या शिवल्या आहेत. मी ती उलटी केली आणि कडेच्या शिवणी पाहिल्या. आत दाब ठेवलेला होता, पोर वाढली की सोडता यावा म्हणून आपण ठेवतो तसा. तो एकदा उसवून सोडलेला होता. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. मग दुसऱ्यांदा सोडलेला होता. आणि राहिलेला शेवटचा दाब सोडायला कुणीतरी नुकताच उसवला होता. तिथे शिवण अजून घातलेली नव्हती. मापाला म्हणून, तांब्याची ती मोठी टाचणी तेवढी लावून ठेवलेली होती. माझ्या घरचं जेवलेली ती पोर आता वाढत होती, आणि पुढचा टाका तिने माझ्यासाठी ठेवला होता.